ब्रुअरी वाढते म्हणजे नक्की काय वाढतं?

माझा भाचा ऐरोलीला आयटीत आहे, आणि गणपतीत आरती झाल्यावर मोदक खाता खाता त्याने घरात जाहीर केलं की त्याला ब्रुअरी काढायचीये. ताईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच याच्या डोक्यात भरवलंय. तसा संशयाला जागा आहे म्हणा, कारण माझा धंदा रबाळे एमआयडीसीत स्टीलच्या टाक्या आणि चिलरचा, म्हणजे गार करणाऱ्या मशिनचा, गिऱ्हाईक म्हणजे दूध डेअऱ्या, सरबतवाले, आणि गेली काही वर्षं छोट्या क्राफ्ट बिअरवाल्या ब्रुअऱ्या. मी स्वतः महिन्या-दोन महिन्यातून एखादा ग्लास घेणारा माणूस, पण या लोकांच्या टाक्यांखाली झोपून व्हॉल्व्ह बदललेत, त्यामुळे पोट आतून बघितलंय.

दोन दिवसांनी भाच्याने एक्सेल पाठवली. चाळीसेक ओळी होत्या, त्यात लोगो, ग्लासचा शेप, भिंतीवरचं पेंटिंग, इन्स्टावाला, शुक्रवारचं लाइव्ह म्युझिक, आणि सगळ्यात खाली एक ओळ, "फ्रिज वगैरे". हा लेख त्या "वगैरे"वर आहे.

आधी थोडं मागचं सांगतो. आपल्या भागाला बिअर नवीन नाही, तळोज्यात युनायटेड ब्रुअरीजची मोठी फॅक्टरी आहे. पण क्राफ्ट, म्हणजे छोट्या भट्टीत, कमी मालात, वेगवेगळ्या चवींची बिअर बनवायची हा प्रकार महाराष्ट्रात पुण्यातून सुरू झाला, २००९ मध्ये, डूलालीपासून. हे नाव आलंय नाशिकजवळच्या देवळालीवरून, तिथल्या छावणीत ब्रिटिश सोल्जर घरी जायच्या बोटीची वाट बघत महिनोनमहिने पडून असायचे आणि कंटाळून वेडे व्हायचे, त्याला ते "डूलाली टॅप" म्हणायचे, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. मग २०१४ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यात, चक्क डोंबिवलीत, गेटवे ब्रुइंग सुरू झाली, जी स्वतःचा बार न काढता दुसऱ्यांच्या बारना केग, म्हणजे स्टीलची पिंपं, भरून बिअर द्यायची. स्वतःच्याच जागेत बनवून तिथेच ग्लासात विकायची हा एक रस्ता आणि बनवून बाहेर पाठवायची हा दुसरा, हा फरक नीट डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे.

आता बिअर बनते कशी ते. लोक उगाच घाबरतात, आपल्या घरात हे सगळं अर्धं अर्धं होतच असतं. तान्ह्या बाळाला नाचणीचं सत्त्व देतात ना, नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, हलकी भाजून दळायची. बिअरवाले तेच बार्लीचं करतात, म्हणजे सातूचं, आणि त्याला माल्ट म्हणतात. मोड आले की दाण्यात एन्झाइम तयार होतात, दाण्यातल्या स्टार्चची साखर करणारे. मग माल्ट भरडून साधारण ६५ डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवायचा की ते एन्झाइम कामाला लागतात आणि गोड, गव्हाच्या लापशीसारखं वास येणारं पाणी तयार होतं. चोथा वेगळा काढायचा, पाणी तासभर खळखळ उकळायचं आणि त्यात हॉप्स टाकायचे, एका वेलीची फुलं असतात ती, कडवटपणा आणि वास त्यांचा. दिवस मोठा लागतो या वेलीला, त्यामुळे ती थंड देशातच नीट येते आणि आपल्याकडचे बहुतेक लोक जर्मनी नाहीतर अमेरिकेतून मागवतात. मग ते पाणी थंड करून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, इडलीचं पीठ फुगतं तेच. झाली बिअर. म्हणजे झाली नाही, इथून सुरू झाली.

(बायदवे हे घरी करून बघू नका, परवान्याशिवाय बनवणं आपल्याकडे गुन्हा आहे.)

यात उकळण्याबिकळण्याचा सगळा कार्यक्रम एका दिवसात, सात-आठ तासांत उरकतो. त्यानंतर माल टाकीत जातो आणि बसून राहतो. एल नावाचा प्रकार असेल तर साधारण दोन आठवडे. लागर असेल, म्हणजे आपली नेहमीची पिवळी साधी बिअर, तर त्याचं यीस्ट दहा-बारा डिग्रीला हळूहळू काम करतं आणि मग थंडीत मुरत ठेवावं लागतं, म्हणजे पाच आठवडे धरा. गंमत बघा, जी बिअर चवीला सगळ्यात साधी ती टाकी सगळ्यात जास्त दिवस अडवते. म्हणून छोट्या ब्रुअरीत तुम्हाला गव्हाची बिअर, संत्र्याची साल आणि धणे घातलेली बेल्जियन पद्धतीची बिअर, अमुक एल तमुक एल असं सगळं दिसतं. लोकांना वाटतं हौस आहे. हौस आहेच, पण हिशोबही आहे.

हिशोब करून दाखवतो, भाच्याला दाखवला तोच. समजा एका वेळी १,००० लिटर बनवणारी भट्टी, म्हणजे उकळायची भांडी, आहे आणि २,००० लिटरच्या चार टाक्या. फक्त एल बनवली आणि टाकी १४ दिवसांत रिकामी झाली तर वर्षात एका टाकीच्या २६ फेऱ्या, म्हणजे चार टाक्यांची मिळून २ लाख ८ हजार लिटर. त्याच टाक्यांत फक्त लागर केली, पाच आठवड्यांची, तर वर्षात दहाच फेऱ्या, ८० हजार लिटर. जागा तीच, भाडं तेच, ईएमआय तोच, माणसं तीच, आणि माल निम्म्याहूनही कमी. उलट भट्टी रोज एकदा पेटवली तर ३०० दिवसांत ३ लाख लिटर काढून देईल, म्हणजे एल केली तरी ती तीनातला एक दिवस रिकामी बसते आणि लागर केली तर चारातले जवळजवळ तीन. हॉटेलात किचन रिकामं आणि टेबलं भरलेली, बाहेर वेटिंग, असं झालं ते. मग वाढायचंय म्हटल्यावर लोक काय करतात, मोठी भट्टी घ्यायला निघतात! कारण तांब्याची चकचकीत भट्टी काचेमागे छान दिसते आणि टाकी कोणी फोटोत काढत नाही. माझं सांगणं एवढंच की ब्रुअरी वाढते ती टाकीतल्या दिवसांवर आणि थंडीवर, बाकी सगळं नंतर.

बरं मग टाकी लवकर रिकामी केली तर? करतात लोक, शनिवार तोंडावर आला आणि नळ कोरडा पडणार असं दिसलं की. मग बिअरला लोण्याचा, मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नसारखा वास येतो, कारण यीस्ट काम करता करता एक पदार्थ बाहेर टाकतं आणि शेवटी शेवटी तोच परत खाऊन साफ करतं, ते साफ करायच्या आधीच तुम्ही त्याला हाकललं. डब्यात भरली असेल आणि आत साखर उरली असेल तर डबा फुगतो, फुटूसुद्धा शकतो.

आता माझ्या आवडीचा विषय, थंडी. पुस्तकं सगळी थंड देशांतली. त्यात लिहिलेलं असतं की उकळलेलं पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून सोडा, दुसऱ्या बाजूने नळाचं पाणी सोडा, २० डिग्रीला आलं की यीस्ट घाला. जर्मनीत नळाचं पाणीच दहा-बारा डिग्रीचं येत असेल तर जमतं हो. आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला कोमट लागतं, तीस-बत्तीसच्या वरच. बत्तीसच्या पाण्याने कुठलीच गोष्ट वीसला येत नाही, कितीही पाणी ओता. म्हणजे इथे पाणी आधी गार करून साठवून ठेवायला वेगळी टाकी पाहिजे, तिला वेगळा चिलर पाहिजे, रात्रभर चालणारा. १,००० लिटर माल ९५ वरून २० डिग्रीवर आणायचा म्हणजे साधारण ८७ युनिट उष्णता बाहेर काढायची, तीही तासाभरात, कारण रेंगाळलात तर त्यात नको ते जंतू पहिले घुसतात. वीज तेवढी लागत नाही, पण उष्णता तेवढीच असते. नंतर बिअर तयार झाल्यावर २० वरून २ डिग्रीवर उतरवायची, ती आणखी २१ युनिट, पण ती आरामात एका दिवसात. आणि मधले चार दिवस यीस्ट स्वतः गरम होत असतं ते वेगळंच.

हे शेवटचं नीट ऐका. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडतं. वीस लिटरच्या छोट्या भांड्यात कळतही नाही, कडेने निघून जाते. पण टाकी मोठी केली की गणित बदलतं, टाकीची लांबी-रुंदी-उंची सगळं दुप्पट केलं तर माल आठ पट होतो आणि बाहेरचा पत्रा चारच पट. आतली उष्णता बाहेर जायला पत्राच तर आहे. घरी चार माणसांचं वरण उतरवलं की दहा मिनिटांत कोमट होतं आणि लग्नातलं पातेलं दोन तासांनी पण वाफाळत असतं, तेच. म्हणून टाकीला बाहेरून दुहेरी पत्रा, त्याला आम्ही जॅकेट म्हणतो, त्यातून शून्याखालचं ग्लायकॉल, म्हणजे थंडीत न गोठणारं पाणी, फिरवायचं. जॅकेट कमी पडलं तर एल २० च्या जागी २६ ला जाते आणि चव केळ्यासारखी नाहीतर डोकं दुखवणारी, नेलपॉलिशच्या वासाची होते. आमचा एक गिऱ्हाईक, नाव सोडा, ५०० लिटरवरून २,००० च्या टाक्यांवर गेला आणि चिलर तोच ठेवला, म्हणाला चालेल की, आधी चालत होताच. पहिला उन्हाळा आला, एका दुपारी लाइट गेली, जनरेटरवर चिलर घेतलाच नव्हता, तीन टाक्या एकदम तापल्या. ६,००० लिटर! तो माल विकायचा की ओतायचा यावर नवरा-बायकोचं दोन दिवस भांडण, आणि मी मध्ये उभा हातात पाना घेऊन. ओतला शेवटी. चूक माझीही होती थोडी, मी टाक्या विकताना चिलरचं एकदाच बोललो, दुसऱ्यांदा बोललो असतो तर ऑर्डर गेली असती असं वाटलं मला.

मोठं करताना रेसिपीचंही असंच होतं. दहा पट माल म्हणून दहा पट हॉप्स टाकले तर बिअर जास्त कडू होते, मोठ्या भांड्यात त्यांच्यातून कडवटपणा जास्त नीट उतरतो. आणि उंच टाकीत खाली दाब जास्त, त्यामुळे यीस्ट वेगळं वागतं, फळांसारखा वास कमी सोडतं. लोक म्हणतात "आता पूर्वीसारखी राहिली नाही राव, मोठे झाले आणि माज आला." माज नसतो, बिचारे सहा महिने जुनी चव शोधत असतात.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. जुलैमध्ये आपल्याकडच्या हवेत माल्टची गोणी उघडी राहिली की तो सादळतो, पापडासारखा, मग चक्कीत भरडत नाही, दाबला जातो, आणि साखर कमी उतरते. जर्मन ब्रुअरला हे कोणी शिकवलेलं नसतं. एका ठिकाणी परदेशी कन्सल्टंट आठवडाभर मशिनमध्ये दोष शोधत होता, शेवटी चहा आणणाऱ्या पोऱ्याने गोणीत हात घालून सांगितलं साहेब ओलं लागतंय.

आता दुसऱ्या रस्त्याकडे येऊ, बाहेर विकण्याच्या. स्वतःच्या जागेत ग्लास विकला की त्या ग्लासाचे सगळे पैसे, टॅक्स सोडून, तुमचेच. ठाण्यात घोडबंदरला किंवा नवी मुंबईत सीवूड्स-बेलापूरला जागा चांगली असेल तर चार टाक्या तिथेच संपतात. पण शंभर खुर्च्या म्हणजे शंभरच खुर्च्या, मंगळवारी त्या रिकाम्या असतात आणि टाकी काही मंगळवार बघून थांबत नाही. मग वाटतं दुसऱ्या बारना देऊ. इथे केग येतात, ३० लिटरचे स्टीलचे पिंप. हिशोब परत: आठवड्याला १०० केग विकायचे. एक केग बारमध्ये जातो, संपतो, रिकामा पडून राहतो, परत येतो, धुतला जातो, या सगळ्याला चार आठवडे सहज. म्हणजे बाहेर कायम ४०० केग फिरत असणार, शिवाय शंभरेक तुमच्याकडे धुवायला-भरायला. ५०० केग, समजा ८,००० ला एक, ४० लाख रुपये नुसती रिकामी भांडी. दूधवाल्याच्या किटल्या बुडतात तसे हेही बुडतात, कुठल्यातरी बारमध्ये त्यावर फळी टाकून स्टूल केलेलं मी स्वतः बघितलंय.

आणि ती बिअर जिवंत असते. मोठ्या कंपन्या बाटली भरल्यावर ६० डिग्रीला तापवून पाश्चराइज करतात, मग ती पानाच्या टपरीमागच्या गोडाऊनमध्ये पडली तरी चालतं. क्राफ्टवाले बहुतेक वेळा तापवत नाहीत, चव मरते म्हणून, मग तिला ब्रुअरीपासून नळापर्यंत दोन-चार डिग्रीतच ठेवावं लागतं. रबाळ्याहून निघालेला टेम्पो गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास उभा राहिला, ड्रायव्हरने डिझेल वाचवायला रिफर, म्हणजे टेम्पोचं कूलिंग, बंद केला, संपलं. बरं पोचली नीट तरी बारवाल्याने नळाची पाइप दोन आठवड्यांनी धुतली पाहिजे, तो धुतो दिवाळीला. आंबूस लागली की लोक बारला नावं ठेवत नाहीत, तुमच्या लोगोला ठेवतात.

तिसरी पायरी कॅन. डब्यात उजेड जात नाही, उजेडाने हॉप्सचा वास बिघडतो, हिरव्या नाहीतर पांढऱ्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली की जो घाण वास येतो तो हाच. आणि कॅन बनवणारी बॉल कंपनीची फॅक्टरी पण आपल्या तळोज्यातच आहे, त्यामुळे भाचा खूश झाला, म्हणाला मामा, रिक्षाने घेऊन येऊ. अरे बाबा, छापील कॅन लाखांच्या हिशोबात घ्यावे लागतात, एका डिझाइनचे! म्हणून छोटे लोक कोरे कॅन घेऊन वर स्टिकर नाहीतर प्लास्टिकची स्लीव्ह चढवतात. शिवाय भरताना आत ऑक्सिजन जवळजवळ शून्य पाहिजे, नाहीतर महिन्याभरात बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि ते मोजायचं मीटर एखाद्या छोट्या गाडीच्या किमतीला येतं.

इथेच एक शॉर्टकटही आहे, दुसऱ्याच्या टाकीत बनवून घ्यायचं. बिरा ९१ आली २०१५ ला तेव्हा ती बेल्जियममध्ये बनून यायची, स्वतःची एक टाकी नसताना ब्रँड उभा राहिला. यात टाकीचं ओझं नाही पण तारखा दुसऱ्याच्या हातात.

परवान्यांवर मी फार बोलणार नाही, तो वेगळा पुराणाचा विषय आहे. पण तीन गोष्टी कळल्याशिवाय वाढीचं गणित कळत नाही. पहिली म्हणजे महाराष्ट्रात बिअर बनवायचा परवाना मिळतो तो १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, हो, दारूबंदी. म्हणजे कायद्याचा मूळ सूर "नाही" असा आणि प्रत्येक गोष्ट त्यातली सूट. म्हणून पिणाऱ्यालाही परमिट लागतं, वर्षाचं १०० रुपये, आयुष्यभराचं १,००० रुपये, आणि बिअरला वय २१ पूर्ण. आपल्या बारला "परमिट रूम" म्हणतात ते यावरूनच. बनवणाऱ्याला टाकीतला प्रत्येक लिटर वहीत लिहावा लागतो, बाहेर निघालेल्या प्रत्येक गाडीला राज्य उत्पादन शुल्कचा पास.

दुसरी, दारू जीएसटीत नाही, घटनेनेच ती राज्यांकडे ठेवलीये. ऐकायला बरं वाटतं. पण मी ४० लाखांच्या टाक्या विकल्या तर त्यावर १८ टक्के जीएसटी लावतो, ७ लाख २० हजार. सरबतवाला तेवढे त्याच्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करून घेतो. बिअरवाल्याच्या विक्रीवर जीएसटीच नाही, तर वजा कशातून करणार, ते पैसे गेले. आणि वर राज्याची एक्साइज ड्युटी आणि व्हॅट आहेच. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही सगळ्यात जास्त वाढता, टाक्या-चिलर-केग घेता, त्याच वर्षी सगळ्यात जास्त पैसे असे बुडतात.

तिसरी, लेबल. बाहेर विकायच्या प्रत्येक बिअरचं लेबल प्रत्येक राज्यात वेगळं नोंदवायचं, फी भरून, मग ते ठाण्याहून गोव्याला जाणारं असो की कर्नाटकला. दर महिन्याला नवीन चव आणायची मजा स्वतःच्या बारमध्ये परवडते, डब्यात नाही. याचं जगजाहीर उदाहरण परत बिराचंच, त्यांच्या कंपनीच्या नावातला "प्रायव्हेट" हा एक शब्द गेला आणि राज्याराज्यात लेबलं पुन्हा नोंदवत बसावं लागलं, काही महिने विक्री अडकली आणि सुमारे ८० कोटींचा माल हिशोबातून काढून टाकावा लागला. एका शब्दाचे ८० कोटी. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने कंपनीचं नाव आधीच नीट ठरवूया म्हटलं, तेवढं तरी शिकला.

आणि कधीकधी सगळं बरोबर करूनही दांडी जाते. १ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेपासून ५०० मीटरमधली दारूविक्री बंद झाली. आता ठाणे-नवी मुंबईचा नकाशा डोळ्यासमोर आणा, ईस्टर्न एक्स्प्रेस, घोडबंदर, सायन-पनवेल, हायवेपासून लांब आहे काय आपल्याकडे? काही महिन्यांनी शहरांच्या हद्दीत ढील मिळाली पण तोपर्यंत टाकीतला माल कोणी प्यायला नाही. मग २०२० चा लॉकडाऊन, ताजी बिअर हजारो लिटर गटारात. तेव्हा सरकारने मायक्रोब्रुअऱ्यांना ग्रोलरमध्ये, म्हणजे मोठ्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, पार्सल द्यायला परवानगी दिली, त्यावर काही जण तरले. ज्यांनी नुकत्याच नवीन टाक्या घेतल्या होत्या त्यांचे हाल जास्त झाले, भरलेली टाकी म्हणजे अडकलेले पैसे, आणि टाक्या जेवढ्या जास्त तेवढे पैसे जास्त.

चोथ्याचं काय होतं असं ताईने विचारलं, एकटीच जिने कामाचा प्रश्न विचारला. १,००० लिटर बिअरमागे साधारण २०० किलो ओला चोथा निघतो. भिवंडीकडचा एक तबेलेवाला येऊन घेऊन जातो, म्हशींना आवडतो. पण आपल्या हवेत तो दुसऱ्या दिवशी आंबतो, त्यामुळे तबेलेवाला आला नाही तर अख्खी गल्ली फोन करते. आठवड्यातून दोनदा भट्टी लावत होतात तोवर ठीक, रोज लावायला लागलात की एक म्हशींवाला पुरत नाही. सांडपाण्याचंही तसंच, बिअरचं सांडपाणी दिसायला साधं पण त्यात साखर आणि यीस्ट एवढं असतं की प्रदूषण मंडळाचा कन्सेंट, म्हणजे परवानगी, वाढवून घ्यावा लागतो, आणि ब्रुअरी दुप्पट केली आणि ट्रीटमेंट तेवढीच ठेवली असं करता येत नाही.

परवा भाच्याचा फोन आला. एक्सेलमध्ये आता "फ्रिज वगैरे"च्या जागी अकरा ओळी झाल्यात आणि लाइव्ह म्युझिक उडालंय. त्याला ऑनलाइन कुठेतरी सेकंडहँड टाक्या सापडल्यात, निम्म्या किमतीत, फोटो पाठवले. दोन होत्या त्या दुधाच्या. दुधाच्या टाकीला दाब सोसायची सवय नसते, बिअरच्या टाकीत गॅस अडकवायचा असतो, ती चालत नाही म्हटलं. तिसरी खरी बिअरची होती पण तिच्या खांद्याजवळ पोचा होता, हातभर. विकणारा म्हणतो ट्रकमध्ये लागलं.

मी त्याला विचारायला सांगितलं की धुताना काय झालं होतं. कारण बिअर काढल्यावर टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, आणि धुवायला आपण कॉस्टिक सोडा फिरवतो. कॉस्टिक हा गॅस पिऊन टाकतो. वरचा व्हॉल्व्ह बंद राहिला असेल तर आत व्हॅक्यूम होतो, किंवा गरम पाण्याने धुवून लगेच गार पाणी सोडलं तरी तेच, आणि बाहेरची हवा टाकीला दाबते. चार मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा, आतून दाब सोसेल पण बाहेरून नाही. मी एक बघितलीये अशी, २,००० लिटरची, दोन सेकंदात बिसलेरीच्या बाटलीसारखी चुरगळली, आवाज शेजारच्या गाळ्यापर्यंत गेला. चूक कोणाची तर रात्रपाळीच्या पोराची, ज्याला कोणी सांगितलंच नव्हतं की आधी झाकण उघड, गॅस जाऊ दे, मग कॉस्टिक. व्हॅक्यूम झाला की हवा आत घेणारा वरचा व्हॉल्व्ह होता, पण बिअरच्या फेसाने चिकटून बसला होता, कधी कोणी खोलून धुतलाच नाही.

त्या टाकीचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, भाच्याला पाठवला. त्याने विचारलं, मामा, हे ठोकून सरळ होतं का रे?

नाही होत.